ज्ञानाचे साडेबारा टक्के : सिडको आणि उच्च शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, सिडको, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई
मा. सचिव, उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या जमिनीच्या करारांत संशोधन-धोरणाच्या संयुक्त अभ्यासाची तरतूद करण्याबाबत.

सविनय नमस्कार.

मी घणसोली गावची. आजोबांची खाडीकडची भातशेती नव्या मुंबईसाठी गेली, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. वडिलांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात तेवीस वर्षं काढली. पुढे तो कारखानाही बंद झाला. आज मी ठाण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. ही ओळख आधीच देते आहे, कारण पुढे जे मागणार आहे ते याच मातीतल्या एका जुन्या हिशेबावर बेतलेलं आहे.

१४ जून २०२५ रोजी मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इथे शाखा काढण्यासाठी इरादापत्रं दिली गेली. ब्रिटनमधली ॲबर्डीन आणि यॉर्क विद्यापीठं, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेतली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतली डिझाइन शिकवणारी एक संस्था. नव्या विमानतळाच्या परिसरात सिडको या विद्यापीठांसाठी एज्युसिटी नावाचं संकुल उभारणार आहे, हेही आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. माझ्या वर्गातल्या कळवा-मुंब्रा-दिव्याच्या मुलींना परदेशी पदवीसाठी घर गहाण टाकावं लागणार नाही, एवढी आशा तरी यामुळे निर्माण झाली.

पण आजवर जे वाचलं, ऐकलं त्यात पदव्या, जागा, फी आणि इमारती यांचीच चर्चा आहे. ही विद्यापीठं इथे येऊन आपल्याविषयी काय अभ्यासणार, कुणाबरोबर अभ्यासणार आणि तो अभ्यास शेवटी कुणाच्या कपाटात राहणार, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. ते विचारायला हे पत्र.

माझा विषय थोडक्यात सांगते. संशोधनावर किती पैसा खर्च व्हावा, तो कुणी ठरवावा, प्रयोगशाळेत लागलेला शोध कारखान्यापर्यंत का पोहोचत नाही, एका गावात नवं तंत्र रुजतं आणि शेजारच्या गावात का रुजत नाही, याचा अभ्यास म्हणजे संशोधन आणि नवोपक्रम (इनोव्हेशन) धोरणाचा अभ्यास. जगात या विषयाला साठेक वर्षांचा इतिहास आहे. १९६३ मध्ये इटलीतल्या फ्रास्काती गावी विकसित देशांचे तज्ज्ञ जमले आणि संशोधनाचा खर्च कसा मोजायचा याची एक नियमावली त्यांनी मान्य केली. तिचा मसुदा ख्रिस्तोफर फ्रीमन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने केला होता. त्यानेच १९६६ मध्ये ससेक्स विद्यापीठात या विषयाचं स्वतंत्र केंद्र सुरू केलं. ‘भारत आपल्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच संशोधनावर खर्च करतो’ हे २०२०-२१ चं वाक्य आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. चीन दोन टक्क्यांच्या वर, दक्षिण कोरिया चारच्या वर, मग आपणच का मागे, अशी हळहळही ऐकतो. तो आकडा ज्या मापाने काढतात ते माप फ्रास्कातीचं आहे.

माप कुठलं, यावर एवढा भर का देते, ते रबाळ्यातल्या एका शेडमुळे.

रबाळे स्टेशनच्या पूर्वेला, एमआयडीसीत, पत्र्याचे छोटे भाग ठोकून देणारा एक कारखाना आहे. तीन पॉवर प्रेस, एक जुनं लेथ, नऊ माणसं. मालक साताऱ्याकडचे. तरुणपणी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये होते. कंपनी बंद झाली तेव्हा तिथलंच लेथ लिलावात घेऊन त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. मी त्यांना काका म्हणते. एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची प्रश्नावली घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. प्रश्नावली युरोपातल्या नवोपक्रम पाहणीवरून बेतलेली होती. पहिलाच प्रश्न होता : गेल्या तीन वर्षांत तुम्ही उत्पादनात किंवा उत्पादनाच्या पद्धतीत काही नवं किंवा लक्षणीय सुधारलेलं आणलं का?

काका म्हणाले, ‘नाही.’

मी ‘नाही’वर खूण केली. पुढचे सगळे प्रश्न ‘हो’ म्हणणाऱ्यांसाठी होते, त्यामुळे मुलाखत चार मिनिटांत आटोपली. चहा येईपर्यंत मी प्रेसजवळ उभी राहिले. पंचाच्या बाजूला एक पांढरा नायलॉनचा ठोकळा बसवला होता, त्याला एक छोटा स्विच, आणि स्विचमधून निघालेली वायर इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली. हे काय, विचारलं. काकांनी सांगितलं, पत्र्याची पट्टी आत सरकताना तिरकी व्हायची, नगाच्या कडेला बर, म्हणजे खरबरीत कंगोरा, यायचा, शंभरातले सात-आठ नग भंगारात जायचे. एका मोडीत निघालेल्या कन्व्हेयरचा नायलॉन पॅड मिळाला, तो कापून टेकू केला. पट्टी सरळ टेकली तरच स्विच दबतो, नाहीतर प्रेस पडतच नाही. आता शंभरात एखादा नग जातो. आणि दोन वर्षांत कुणाचं बोट कापलेलं नाही, हे त्यांनी चहाचा कप खाली ठेवताना, जाता जाता सांगितलं.

‘काका, मग हे नवीन नाही का?’

‘यात नवीन काय, मॅडम? अडचण होती, काढली.’

त्या दिवशी मी घरी आले ती अस्वस्थ होऊन. माझ्या कागदावर काकांचा कारखाना ‘नवोपक्रम नसलेला’ ठरला होता. चूक काकांची नव्हती, प्रश्न लिहिणाऱ्याचीही म्हणता येणार नाही. ज्याने तो प्रश्न लिहिला त्याने संशोधन विभाग असलेले कारखाने पाहिले होते, टूलरूममधून उठून आलेला मालक पाहिला नव्हता. तो काकांच्या शेजारी बसून प्रश्न लिहिता, तर प्रश्न वेगळा झाला असता. ‘गेल्या तीन वर्षांत कामात कुठली अडचण काढली?’ एवढंच विचारलं असतं तरी काका अर्धा तास बोलले असते. पुढे मी तसंच विचारायला लागले आणि ते खरोखर बोलले.

आता यावर कुणी म्हणेल, बाहेरच्या मापांशी आपला काय संबंध, आपण आपलं माप करू. मला ते पटत नाही. एकट्याने केलेलं माप दुसऱ्याला लावून पाहता येत नाही. आणि हे बदलता येतं, याचा पुरावा आहे. नवोपक्रम मोजण्याची ऑस्लो नियमावली १९९२ मध्ये आली. तिच्या आधारे युरोपात पाहण्या सुरू झाल्या. लॅटिन अमेरिकेतल्या अभ्यासकांनी ती आपल्याकडे लावून पाहिली आणि त्यांना रबाळ्यात मला दिसलं तेच दिसलं : कारखाने प्रयोगशाळेतून नवं काढत नाहीत. ते यंत्र आणतात, वळवून घेतात, माणसं शिकवतात, आणि हा सगळा खटाटोप मोजणीतून निसटतो. मग त्यांनी अनेक देशांत मिळून काम केलं आणि २००१ मध्ये आपली बोगोटा नियमावली तयार केली. चार वर्षांनी ऑस्लोची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात विकसनशील देशांतल्या पाहण्यांसाठी खास परिशिष्ट घालावं लागलं. ब्राझील, अर्जेंटिना, कोलंबियातले लोक एकत्र बसले म्हणून जगाचं माप थोडं हललं. आपल्याकडेही विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेबरोबर २०२१-२२ ची उत्पादन क्षेत्रातली नवोपक्रम पाहणी केली, देशभरात हजारो कारखाने पाहिले. चांगलं काम आहे. मला हवं आहे ते त्याच्या आधीचं पाऊल : प्रश्न लिहिताना रबाळे त्या टेबलाशी असावं.

आता माझ्या अनुभवाचं लिहिते. कुणाचं नाव घेण्यासाठी नव्हे, तर करारात काय राहून जातं ते आपल्याला दिसावं म्हणून.

काही वर्षांपूर्वी एका युरोपीय विद्यापीठाच्या प्रकल्पात मी ‘स्थानिक सहकारी’ होते. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत अठ्ठेचाळीस मुलाखती मी घेतल्या. मराठीत, हिंदीत. मे महिन्यात दुपारी दोन वाजता शेडमध्ये पत्र्याखाली बसून. त्या उतरवून काढल्या, इंग्रजीत आणल्या, पाठवल्या. पावणेदोन वर्षांनी लेख छापून आला. लेखकांत चार नावं होती, त्यात माझं नव्हतं. माझं नाव शेवटी ऋणनिर्देशात होतं. काकांचं ‘अडचण होती, काढली’ हे वाक्य त्यात इंग्रजीत आलं होतं, खाली ‘प्रतिसादक १७’ असं लिहून. काकांनी एकदा विचारलं, ‘आमचं काय छापून आलं ते दाखवा की.’ मला दाखवता आलं नाही. लेख पैसे भरून वाचायचा होता आणि आमच्या महाविद्यालयाकडे त्या नियतकालिकाची वर्गणी नव्हती. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू केली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले, जवळजवळ १३,००० नियतकालिकं खुली केली, ती फार मोलाची गोष्ट झाली. पण ती आज सरकारी संस्थांपुरती आहे, आमचं महाविद्यालय त्यात अजून नाही.

लेखाचं दुःख मी विसरले असते. मुलाखतींचं विसरता येत नाही. नव्या अभ्यासासाठी मला त्याच अठ्ठेचाळीस मुलाखती पुन्हा हव्या होत्या. माझ्या स्वतःच्या आवाजात विचारलेल्या. सौजन्याने उत्तर आलं की करारानुसार सामग्रीची मालकी विद्यापीठाकडे आहे. करार काढून पाहिला, कलम होतं. त्यावर माझी सही होती. त्या मुलाखती देणाऱ्यांपैकी सहा माणसं आज हयात नाहीत, अकरा शेड पाडून तिथे दुसरं काहीतरी उभं राहिलं आहे. म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्याच्या एका काळाची साक्ष आज दुसऱ्या खंडातल्या सर्व्हरवर आहे आणि ती ऐकायची तर घणसोलीच्या मुलीने अर्ज करायचा.

दुसरा प्रसंग माझ्या एका तरुण सहकारी मैत्रिणीचा. तिचा निबंध परदेशातल्या एका परिषदेत स्वीकारला गेला. विषय होता वागळे इस्टेट. १९६० च्या दशकात एमआयडीसीने राज्यात ज्या वसाहतीपासून सुरुवात केली ती ही वसाहत. त्या कारखान्यांतले कारागीर आज कुठे आहेत, याचा शोध तिने घेतला होता. पासपोर्ट काढायला ती वागळे इस्टेटमध्येच गेली, कारण पासपोर्ट सेवा केंद्र तिथेच आहे. जिथे एकेकाळी लेथ फिरायची तिथेच आज माणसं परदेशाच्या रांगेत उभी असतात. पासपोर्ट वेळेत मिळाला. व्हिसासाठी बँकेची सहा महिन्यांची खाती, महाविद्यालयाचं पत्र, वडिलांच्या घराचे कागद, सगळं दिलं. पासपोर्ट परत आला तो परिषदेच्या तिसऱ्या दिवशी. तिचा निबंध तिथे कुणीतरी वाचून दाखवला. नंतर प्रश्न विचारले गेले, त्यांना उत्तर द्यायला ती नव्हती. आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की हा अडसर एकाच बाजूचा नाही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय परिषद भरवायची झाली तर परराष्ट्र आणि गृह मंत्रालयांच्या परवानग्यांच्या मागे आयोजकांचे महिने जातात. नैरोबीचा किंवा ढाक्याचा अभ्यासक ठाण्यात बोलवायचा तर आपल्यालाही तो सहज बोलावता येत नाही.

तरी सहकार्यावरचा माझा विश्वास उडालेला नाही, आणि त्याला कारण आहे. ग्लोबेलिक्स नावाचं अभ्यासकांचं एक जागतिक जाळं आहे. डेन्मार्कच्या बेंग्ट-ओके लुंडवाल यांच्यासारख्या लोकांनी ते विणलं. पहिली परिषद २००३ मध्ये रिओ द जानेरोला झाली, २००६ ची आपल्या तिरुवनंतपुरमला. पुढे डाकार, आदिस अबाबा, हवाना, बांडुंग अशी ती फिरत राहिली. ही शहरांची यादी पाहा. व्हिसा आणि पैसा ज्यांना सोपा आहे त्यांनाच या विषयात बोलता यावं असं नको, म्हणून कुणीतरी जाणीवपूर्वक परिषद त्यांच्या दारात नेली. त्याच वर्तुळातून मला ब्राझीलमधली एक मैत्रीण मिळाली. साओ पावलोच्या भोवतालच्या मोटार कारखान्यांच्या पट्ट्यावर ती काम करते. आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिची दुपारची एक. पोळ्या करून, ओटा पुसून मी लॅपटॉप उघडायची, ती जेवणाच्या सुट्टीत बोलायची.

तिने एकदा विचारलं, ‘कारखाना बंद झाला तेव्हा यंत्रं कुठे गेली?’ मी माणसांचा माग काढत होते, यंत्रांचा विचारच केला नव्हता. मग मी काकांपासून सुरुवात करून लेथचा माग काढला. वागळे इस्टेटमधून लिलावात गेलेली यंत्रं रबाळ्यात, भिवंडीत, अंबरनाथला, थेट कोल्हापूरपर्यंत पोहोचलेली सापडली आणि प्रत्येक यंत्राबरोबर ते चालवणारं एक माणूस गेलेलं होतं. एक बंद कारखाना म्हणजे विखुरलेल्या सात-आठ शाळा, हे मला तिच्या एका प्रश्नामुळे दिसलं. तिला माझ्याकडून काय मिळालं? तिने ‘अडचण काढली’ हा प्रश्न पोर्तुगीजमध्ये नेला आणि तिच्या पट्ट्यात विचारला. आमच्या लेखावर दोघींची नावं आहेत, मुलाखतींच्या प्रती दोघींकडे आहेत. कुठल्याही मोठ्या कराराशिवाय हे झालं, कारण आम्ही दोघी सारख्याच उंचीच्या खुर्चीत बसलो होतो.

एज्युसिटीत मला ही खुर्ची हवी आहे.

इथे अभ्यासाला विषय कमी नाहीत. एकच सांगते, तो वाशीचा आहे आणि प्रत्येक मराठी माणसाला कळेल : हापूस. अन्नावर किरणांची प्रक्रिया करण्याचं संशोधन ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात कित्येक दशकं चाललेलं आहे. आपल्या कायद्याने कांदा, बटाटा, मसाल्यांच्या विकिरणाला १९९४ मध्ये मान्यता दिली. वाशीला मसाल्यांसाठी प्रकल्प २००० मध्ये सुरू झाला. आंबा मात्र अमेरिकेला जात नव्हता, कारण त्यांना फळमाशी आणि कोयीतल्या भुंग्याची भीती होती. किरणांची किमान ४०० ग्रे (हे त्यांच्या मात्रेचं एकक) मात्रा दिली की कीड वाढू शकत नाही, हे विज्ञान कुणी नाकारत नव्हतं. तरी २००७ उजाडावं लागलं, लासलगावच्या केंद्रातून पहिला आंबा जायला. त्या वाटाघाटींत दुसऱ्या पारड्यात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींची आयात होती. पुढे पणन मंडळाचं केंद्र वाशीला झालं. प्रक्रियेच्या वेळी अमेरिकेचा निरीक्षक समोर लागतो. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर निर्यात थांबली. यंत्र होतं, आंबा होता, माणूस नव्हता. मे २०२५ मध्ये वाशीला प्रक्रिया झालेल्या काही खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर कागदपत्रांच्या कारणावरून नाकारल्या गेल्या. फळ चांगलं, किरणं व्यवस्थित, तरी माल परत आणण्यापेक्षा तिथेच नष्ट करणं व्यापाऱ्यांना परवडलं.

हा सगळा प्रवास आमच्या विषयाचा गाभा आहे. शोध लागणं ही पहिली पायरी; नंतर कायदा, व्यापार, तपासनीस, फॉर्म, देवघेव, विश्वास अशा कितीतरी पायऱ्या येतात आणि त्यातली एक निसटली तरी रत्नागिरीच्या बागायतदाराचं वर्ष जातं. हा अभ्यास इथल्या एकट्या माणसाला पूर्ण करता येणार नाही, कारण अर्धी गोष्ट अमेरिकेच्या कृषी खात्यात घडली. तिथल्या एकट्यालाही येणार नाही, कारण उरलेली अर्धी वाशीच्या एपीएमसीच्या, म्हणजे कृषी बाजार समितीच्या आवारात मराठीत घडली. दोघांनी एकत्र बसावंच लागेल. याच परिसरात खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे, नव्या पनवेलला भूचुंबकत्व संस्था आहे, अंबरनाथला नौदलाला लागणाऱ्या सामग्रीवर (मटेरियल्सवर) काम करणारी संरक्षण प्रयोगशाळा आहे, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या जागी डेटा सेंटर उभी राहत आहेत. एवढं सगळं एका खाडीच्या काठी असताना त्याचा एकत्रित अभ्यास करणारं एकही केंद्र इथे नाही.

आता मागणीकडे येते.

१९७० च्या दशकात ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. भाव मिळाला तो किती तोकडा होता ते आमच्या घरात अजून बोललं जातं. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे तत्त्व मान्य झालं की ज्याची जमीन घेतली त्याला त्यातला साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा. आमच्या घराला तो उशिराने मिळाला, पण मिळाला. मी त्याच्यावर बांधलेल्या घरात वाढले. घेतलेल्यातला काही भाग, विकसित करून, मूळ माणसाला परत, हे तत्त्व सिडकोइतकं देशात फार थोड्या संस्थांना माहीत असेल. माझं मागणं एवढंच की तेच तत्त्व ज्ञानाला लावा.

ही विद्यापीठं इथे संशोधनावर जो खर्च करतील, त्यातला साडेबारा टक्के हिस्सा संशोधन आणि नवोपक्रम धोरणाच्या एका संयुक्त अभ्यास केंद्राला द्यावा. केंद्रात त्यांचे अभ्यासक निम्मे असावेत, निम्मे इथले : मुंबई विद्यापीठाच्या ठाणे उपपरिसरातले, ठाणे-रायगडच्या महाविद्यालयांतले. संचालकपद दर तीन वर्षांनी आलटून-पालटून. अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकाला वर्षभर तास कमी करून तिथे काम करता यावं, त्यासाठी उच्च शिक्षण विभागाने प्रतिनियुक्तीचा नियम करावा. आज आठवड्याचे सोळा तास, परीक्षा, नॅकचे अहवाल आणि निवडणुकीची कामं सांभाळून उरलेल्या वेळात आम्ही संशोधन करतो, हे आपल्याला माहीत आहेच.

इथे गोळा झालेली प्रत्येक मुलाखत, प्रत्येक पाहणी इथेच, मराठी प्रतीसह, जतन व्हावी आणि ज्याने ती दिली त्याला ती मागता यावी. मुलाखती ज्याने घेतल्या, उतरवल्या, समजावून सांगितल्या त्याचं नाव लेखकांत असावं. प्रत्येक अभ्यासाचा निष्कर्ष मराठीत छापून ज्या कारखान्यात, ज्या बाजारात तो केला तिथे वाटावा. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ मध्ये पुण्यात घरोघर पाहणी करून दाखवली. त्या परंपरेतल्या राज्याला हे अवघड जाऊ नये. आणि दरवर्षी एक परिषद इथे भरावी, तिच्या परवानग्यांची जबाबदारी शासनाने घ्यावी, म्हणजे अक्रा आणि ढाका, साओ पावलो आणि जकार्ता इथल्या लोकांना रबाळ्याला आणता येईल.

एक सिडकोसाठी. आपल्याकडे या शहराच्या आखणीची, गावोगावच्या पाहण्यांची, जमीन संपादनाची पन्नासहून अधिक वर्षांची दफ्तरं आहेत. नियोजनातल्या नवोपक्रमाचा असा संग्रह भारतात दुर्मीळ. तो अभ्यासकांना खुला करा. बाहेरच्यांकडून सामग्री खुली ठेवण्याची अपेक्षा धरायची, तर सुरुवात आपल्या दारातून व्हावी.

अडचण मला कळते. आपले अधिकारी म्हणतील, अटी घातल्या तर विद्यापीठं दुसऱ्या राज्यात जातील. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांना प्रवेश आणि फी ठरवण्याची मोकळीक दिली आहे, पैसा मायदेशी नेण्याची मुभाही दिली आहे. राज्याच्या हातात उरतं ते एकच, जमीन. जागेच्या करारात जे लिहिलं जाईल तेवढंच पुढची कित्येक वर्षं टिकेल. एकदा सही झाली की कलम शोधत बसावं लागतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. शिवाय ज्या विद्यापीठाला खरं संशोधन करायचं आहे त्याच्यासाठी ही अट ओझं होणार नाही. इथली भाषा, इथली माणसं, इथली दारं उघडून देणारे सोबती त्याला फुकट मिळत आहेत. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्या परदेशी अभ्यासकांतल्या बहुतेकांना हेच हवं होतं. त्यांच्या संस्थेच्या करारांत ते बसत नव्हतं.

आपल्याकडे मी तासाभराची वेळ मागते आहे, सिडको भवनात नको. कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला मी रबाळे स्टेशनच्या पूर्वेला उभी राहीन, तिथून काकांची शेड चालत सात मिनिटांवर आहे. करारांचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही बरोबर आणावं. नायलॉनचा तो ठोकळा अजून प्रेसवर आहे, स्विच मात्र मागच्या महिन्यात काकांनी बदलला. का बदलला ते त्यांनाच विचारा.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका
ठाणे